विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

मुंबई आणि दिल्ली या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे 1,140 किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी साधारण 800 ते 850 किलोमीटर वेगाने उडते, म्हणजे भागाकार केला तर दीड तासही लागू नये. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा वेळ दिसतो. कंपन्या त्यात थोडा राखीव वेळ धरतात हे खरे, पण सगळी तफावत त्यामुळे पडत नाही. वेळापत्रकातील वेळ हा ‘ब्लॉक टाइम’ असतो. विमान गेटवरून मागे ढकलले जाते तेव्हापासून, दुसऱ्या विमानतळावर ते उभे राहून त्याच्या चाकांना ठोकळे लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी उड्डाणाआधीची रांग किंवा उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्याही याच हिशेबात जमा होतात. शिवाय चढताना आणि उतरताना विमानाचा वेग बराच कमी असतो, म्हणूनच छोट्या अंतरासाठी नुसता भागाकार सर्वाधिक फसवतो.

दुसरी चूक म्हणजे सपाट नकाशावर पट्टी ठेवून मार्ग ठरवणे. पृथ्वी गोल असल्याने मुंबई ते लंडन हा सर्वांत जवळचा, सुमारे 7,200 किलोमीटरचा मार्ग नकाशावर उत्तरेकडे फुगलेला दिसतो आणि कराचीच्या आसपासून अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्र असा जातो. तरीही विमान त्याच रेषेवरून जाईल असे नाही. पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 रोजी भारतीय विमानांसाठी आपले आकाश बंद केले, तेव्हापासून भारतीय कंपन्यांना वळसा घ्यावा लागू लागला. ही बंदी परदेशी कंपन्यांना लागू नव्हती. त्यामुळे दोन कंपन्यांच्या वेळांची तुलना करताना अंतर एकच आहे, एवढ्यावर विसंबू नये.

जातानाचा वेळ तोच येतानाचा, हे गृहीतकही चुकीचे आहे. उंचीवरील जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्यांचे पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनहून मुंबईला येताना एरवी जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो. हिवाळ्यात हा फरक अधिक जाणवतो.

सर्वांत जास्त घोळ मात्र घड्याळाचा होतो. मुंबईहून सकाळी 10 वाजता निघून दुबईला 11:45 वाजता पोहोचणारा प्रवास पावणेदोन तासांचा नसून सव्वातीन तासांचा असतो, कारण दुबईचे घड्याळ दीड तास मागे आहे आणि तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. लंडनच्या बाबतीत हा फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा, तर मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेचार तासांचा असतो.

आकडा जुळतच नसेल, तर आधी एकक तपासावे. मुंबई-दिल्लीचेच अंतर मैलांत सुमारे 708 आणि सागरी मैलांत सुमारे 615 भरते. मग विमानतळ पाहावा: गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत, आणि मुंबईच्या जोडीला आता नवी मुंबईही आहे. शेवटी ‘डायरेक्ट’ या शब्दावर भिस्त ठेवू नये. तशी फ्लाइट वाटेत थांबू शकते. न थांबणारी हवी असेल, तर ‘नॉन-स्टॉप’ असेच शोधावे.