ग्रहांचे फोटो आणि आयआर फिल्टर: या चुका टाळा

हवा थरथरत असली की आयआर-पास फिल्टर (मुख्यतः अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा उजेड आत सोडणारी काच) लावतात, कारण लांब लहरींना हवेचा त्रास कमी होतो. एवढंच अर्धवट ऐकून नवी मंडळी थेट 850 नॅनोमीटरचा (साधारण त्याहून लांब लहरीच सोडणारा) फिल्टर मागवतात. लहर लांबली की दुर्बिणीचा बारकावा घटतो, हे कुणी बघतच नाही. 114 मिमीच्या दुर्बिणीत हिरव्या उजेडाला 1.2 आर्कसेकंद (आकाशातल्या कोनाचं माप; आकडा लहान तेवढा बारकावा जास्त) मिळतात, 850 ला तेच 1.9 होतात. लातूरच्या एका पोराने हेच केलं. गुरूवर दोन पट्ट्यांपलीकडे काही उमटेना, म्हणून गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) शेवटपर्यंत ओढला आणि एक्स्पोजर (एका फ्रेमचा वेळ) 80 मिलिसेकंद केलं. तेवढ्या वेळात हवेचा थरकाप फ्रेममध्येच मुरतो. मग फिल्टर लावला कशाला? 150 मिमीपर्यंत 685 चाच घ्या, एक्स्पोजर 20 मिलिसेकंदांच्या आत ठेवा. नॉइज (चित्रातले दाणे) हजारो फ्रेम स्टॅक केल्या (एकावर एक रचून सरासरी काढली) की निवळतो, मुरलेला थरकाप निघत नाही.

त्याच्याही आधी गच्ची सोडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत गरम हवा सोडत राहतो आणि त्यावर कुठलाच फिल्टर चालत नाही. शेतात, मातीवर मांडणी करा, आरसा तासभर निवू द्या.

चित्र काळंकुट्ट येतंय? आयआर-कट (अवरक्त उजेड अडवणारा फिल्टर) काढायचा राहिलाय. कट साधारण 700 च्या पुढचं अडवतो, 742 चा पास 742 च्या अलीकडचं. मग उरणार काय!

फिल्टर बदलला की फोकस पुन्हा करायचा, दरवेळी. 2 मिमी जाडीची काच फोकस अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकवते, आणि साध्या दोन भिंगांच्या दुर्बिणीत आयआरचा फोकस मुळातच बाहेर पडतो. गुरूच्या कडेवर फोकस करू नका, त्याच्या चंद्रावर करा.

रंगीत कॅमेऱ्यावर 685 लावला की मुख्यतः लाल पिक्सेलच काम करतात, म्हणून फक्त लाल चॅनेल वापरा. 850 ला लाल, निळा आणि दोन हिरवे असे चारही पिक्सेल जवळपास सारखे चालतात. तिथे डीबेयर (पिक्सेलांपासून रंग बनवणं) बंद करून मोनोसारखं (कृष्णधवल) रेकॉर्ड करा.

आयआरचं चित्र गुरूच्या रंगीत फोटोवर ल्युमिनन्स (उजेड-अंधाराचा थर) म्हणून सरसकट चढवू नका. आयआरमध्ये गुरूवरचा मोठा लाल डाग फिका पडतो, त्यामुळे रंग खोटे येतात. मंगळाला त्या मानाने बरं जमतं.

आणि आयआर-पास हा सौर फिल्टर नव्हे. सूर्याकडे दुर्बीण वळवायची तर पुढच्या तोंडाला पूर्ण व्यासाचा सौर फिल्टर घट्ट बसवूनच. पोरं आसपास असतील तर फाइंडरचं (दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचं) झाकणही लावून ठेवा.