भाऊचा धक्का बघायचाय? आधी तिथी बघा

बरेच जण मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याला जातात म्हणजे काय करतात तर गाडी रो-रोत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, चढवतात आणि अलिबागजवळ मांडव्याला उतरतात, धक्का बघितलेलाच नसतो. एक सकाळ काढा ना राव.

उजाडायच्या आत पोचा. जवळचं स्टेशन हार्बरचं डॉकयार्ड रोड, पण मासळीचा लिलाव गाठायचा तर सरळ टॅक्सी केलेली बरी. पायात रबरी चपला, कारण खाली सगळं बर्फाचं पाणी आणि खवले. लिलाव होलसेल असतो, तिथे किलोभर सुरमईचा भाव विचारलात तर कोणी बघणारही नाही, घरापुरतं किरकोळ विकणाऱ्या मावश्यांकडे घ्या. फोटो विचारून काढा आणि वाटेत उभे राहू नका, डोक्यावर पाटी असलेला माणूस तुमच्यासाठी थांबणार नाहीये. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा यातलं फार काही दिसणार नाही.

मासळीचं एवढं बस्तान तसं नंतरचं, धक्का मुळात माणसांच्या चढउतारासाठी. भाऊ अजिंक्य यांनी १८४१ च्या सुमारास बांधलेला मूळ धक्का इथे नव्हताच, तो दक्षिणेला कर्नाक बंदराकडे, जागा बदलली पण नाव तेच राहिलं. पुढे आगबोटी आल्या, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत पणजीपर्यंत, आणि निम्म्या बंदरांत बोट किनाऱ्याला लागायचीच नाही, पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरून जायचं, पोराबाळांसकट, ट्रंकांसकट. घरात कोणी आजी-आजोबा कोकणातले असतील तर जायच्या आधी त्यांना बोटीबद्दल विचारून घ्या, मग तिथे उभं राहिल्यावर काहीतरी कळेल. रामदास बोट पण इथूनच रेवसला निघाली होती, १७ जुलै १९४७, वाटेत बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली.

आता लाँच, म्हणजे माणसं नेणारी छोटी बोट. ती जाते मोऱ्याला (उरणजवळ) किंवा रेवसला (अलिबागकडे), दोन्हीकडे गाळ आहे, पाणी उतरलं की लाँच लागत नाही. म्हणून कालनिर्णय काढा आणि तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला-अमावस्येला बाराच्या आसपास. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे पुनव-अमावस्येला सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली, तेव्हा घाई करून उपयोग नाही. एकादशीच्या आसपास जा, लिलाव बघून झाला की चहा प्या आणि भरतीवर निघा, मस्त जमतं.

रो-रो मार्च २०२० पासून आहे, आरामशीर आहे, गाडी असेल तर तीच घ्या. २०२४ ला अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकल पण गेली, त्यामुळे मोऱ्याला लाँचनेच गेलं पाहिजे असं काही राहिलं नाही. परतीला ओहोटी आडवी आली तर उरणहून लोकल पकडा. रेवसला जाणार असाल तर मात्र उतरल्या उतरल्या शेवटची लाँच किती वाजता ते खिडकीवर विचारून ठेवा, आणि सुटे पैसे जवळ असू द्या.