घरी बनवलेला रेडिओ खरखरतोय? या चुका टाळा

सेट जोडून झाला, स्टेशनही लागलं, पण बोलण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. अशा वेळी बहुतेक जण सोल्डरिंग आयर्न तापवून पार्ट बदलायला बसतात. पहिली चूक इथेच होते. खरखर बाहेरून येतेय की सेटमध्येच तयार होतेय, हे ठरेपर्यंत एकही पार्ट काढू नका. ठाणे-नवी मुंबईच्या इमारतींत पुष्कळदा सेट निर्दोष असतो आणि गोंगाट घरातल्या विजेच्या वस्तूंचा असतो.

तपासायचं असं. अ‍ॅडॉप्टर काढा आणि सेट बॅटरीवर चालवा. बाहेरची एरियल असेल तर ती सोडवा. खरखर एकदम खाली आली, तर ती एरियलमधून येत होती. फेराइट रॉडचा सेट असेल, म्हणजे आतली कॉइल गुंडाळलेली काळी दांडी हीच एरियल असेल, तर तो उचलून उपवन तलावावर न्या, वाशीत राहत असाल तर सागर विहारला. तिथे ५५८ किलोहर्ट्झवर आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी स्वच्छ लागली, तर तुमच्या जोडणीला बोल लावू नका.

मग घरी येऊन मेन एमसीबी पाडा. आवाज शांत झाला तर चोर घरातच आहे. सगळे स्विच बंद करून एमसीबी चढवा आणि एकेक वस्तू सुरू करा. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, राउटरचा अ‍ॅडॉप्टर, टीव्ही. यांतला कोणी ना कोणी सापडतोच. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरकडे विशेष लक्ष द्या. त्याची भणभण मधल्या वेगांवर वाढते आणि पूर्ण वेगावर कमी होते. एमसीबी पाडूनही आवाज तसाच राहिला आणि लिफ्ट हलली की चढतो, थांबली की पडतो, असं दिसलं, तर तो लिफ्टच्या मोटर ड्राइव्हचा आहे. त्यावर सेटमध्ये इलाज नाही. खिडकीपाशी या आणि रॉड फिरवून पाहा. रॉडचं टोक ज्या दिशेला असतं, तिकडचा आवाज सर्वांत कमी येतो. ठाण्यातून मालाडच्या ट्रान्समीटरची दिशा पश्चिमेची, म्हणून रॉड दक्षिणोत्तर आडवा धरा. मग थोडा इकडेतिकडे वळवून गोंगाट बुडतो ती जागा शोधा.

अर्थिंगबद्दल कळकळीनं सांगतो. पाइप गॅसच्या नळीला अर्थची वायर कधीही जोडू नका. पाण्याच्या नळाचा जुना सल्लाही आता चालत नाही, कारण नव्या इमारतींत पाइप प्लास्टिकचे असतात.

खरखर बाहेरची नाही असं ठरलं, तर आता सेटकडे वळू. व्हॉल्यूम पूर्ण खाली करा. मोटारबोटीसारखी फटफट तरीही चालू राहिली, तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, ऑडिओ भागात आहे. एलएम३८६ हा ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरचा आयसी वापरला असेल तर ६ नंबरच्या पिनला अगदी लागून १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड असे दोन कंडेन्सर ग्राउंडला हवेत. ५ नंबरच्या पिनपासून ग्राउंडला १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये लावा. "आवाज तर येतोय" म्हणून ही जोडी अनेक जण गाळतात आणि मग आयसी ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर थरथरत बसतो, विनाकारण तापतो. १ आणि ८ मधला १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढलात तर गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, २०० वरून २० वर येतो. तेवढ्यानं फटफट थांबली तर तुमची दिशा बरोबर आहे. व्हॉल्यूमच्या आधीच्या भागाचा सप्लाय १०० ओहममधून घ्या, त्यापुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावा. उतरलेली ९ व्होल्टची बॅटरीही हाच त्रास देते, कारण तिचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो.

शिट्टीची गोष्ट वेगळी. सुपरहेट म्हणजे प्रत्येक स्टेशन आधी ४५५ किलोहर्ट्झच्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर (आयएफवर) आणणारा सेट. त्यात शिट्टी फक्त ९१० किलोहर्ट्झच्या आसपास येत असेल, तर तो ४५५ च्या आयएफचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सी आहे. डिटेक्टरच्या, म्हणजे सिग्नलमधून आवाज वेगळा करणाऱ्या भागाच्या, वायरी रॉडपासून लांब न्या. प्रत्येक स्टेशनवर शिट्टी येत असेल तर आयएफचा भाग स्वतःच ऑसिलेट होतोय. आउटपुटची वायर इनपुटजवळून गेलीय का, ते पाहा. ब्रेडबोर्डवर शेजारच्या रांगांमध्ये नकळत कपॅसिटन्स तयार होतो, म्हणून आरएफ भाग, म्हणजे स्टेशनचा सिग्नल हाताळणारा भाग, तिथे जोडूच नका. टीए७६४२ च्या सेटमध्ये मात्र आधी व्होल्टेज मोजा. तो दीड व्होल्टच्या एका सेलचा आयसी आहे, जास्त मिळालं की शिट्ट्या घालतो.

अ‍ॅडॉप्टर लावल्यावर स्टेशन लागलं तरच गुणगुण येत असेल, तर फिल्टर कंडेन्सर वाढवून उपयोग नाही. ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायमध्ये प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाका.

हात जवळ नेला की स्टेशन सरकतं? गँग कंडेन्सरची, म्हणजे स्टेशन लावायच्या कंडेन्सरची, फिरती बाजू ग्राउंडला आहे ना, ते तपासा. शॉर्टवेव्हवर सेट तापताना सरकत असेल तर ऑसिलेटरमधले साधे सिरॅमिक कंडेन्सर काढून तापमानानं न बदलणारे एनपीओ लावा आणि ऑसिलेटरचा सप्लाय रेग्युलेटरमधून द्या.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कॉइल ओल धरते आणि जूनमध्ये नीट चालणारा सेट ऑगस्टमध्ये मंद पडतो. कॉइल नीट वाळवून तिच्यावर वितळलेल्या मेणाचा पातळ थर द्या. त्यानं ट्यूनिंग किंचित हलतं, म्हणून नंतर ट्रिमर (बारीक जुळणीचा छोटा कंडेन्सर) पुन्हा लावून घ्या.