जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी: या चुका टाळा

पावसाळाभर सोसायटीत कव्हरखाली उभी असलेली पद्मिनी किंवा जुनी मारुती ८०० दिवाळीच्या सुमारास बाहेर निघते आणि सिंहगड रस्त्यावर धक्के खायला लागते. मेकॅनिक कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडून जेट, म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक भोकं, फुंकतो. दोन दिवस गाडी छान चालते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टाकीत गंज असेल तर कार्बोरेटर कितीही वेळा साफ करा, तो पुन्हा भरणारच. आधी टाकीच्या तळाचा नट सोडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर स्थिर ठेवा. तळाशी तांबूस चुरा बसला तर गंज, वेगळा थर दिसला तर पाणी.

गाडी सुरुवातीला नीट चालून पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडत असेल, तर टाकी उतरवायची घाई करू नका. झाकण उघडून पाहा. ‘सुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीला हवा घेण्याची वाट बुजली आहे. पंपाच्या अलीकडची रबरी नळीही तपासा. मेकॅनिकल पंप पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे नळीला चीर असली तरी थेंब गळत नाही. पंप नुसती हवा ओढतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला सोसत नाही. नळ्या बदलताना इथेनॉलला चालणाऱ्याच मागा.

आता सर्वांत गंभीर चूक: रिकाम्या टाकीला वेल्डिंग. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगी पुरते, आणि हे मिश्रण रिकाम्या टाकीतच सहज जमतं. एकदा पाण्याने विसळून भागत नाही. सांध्यांत मुरलेलं पेट्रोल उष्णता लागली की पुन्हा वाफ सोडतं. हे काम टाकीच्या कामात मुरलेल्या रेडिएटरवाल्याकडेच द्या. तो गरम पाणी आणि साबणाने टाकी अनेकदा धुतो, सगळी तोंडं उघडी ठेवतो आणि भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरून मगच झाळतो. ‘काही होत नाही, रोज करतो’ म्हणत कोणी थेट गॅस पेटवत असेल, तर टाकी उचलून परत आणा. टाकी उतरवतानाही आधी बॅटरीची वायर काढा आणि खड्ड्यावर काम करू नका. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साचून राहते.

गंज काढायला बाथरूमचं ॲसिड ओततात. ते गंजाबरोबर पत्राही खातं आणि जिथे नुसता डाग होता तिथे भोक पडतं. त्यापेक्षा लिंबूसत्त्व बरं: लिटरला ५० ते १०० ग्रॅम, गरम पाण्यात. त्याआधी टाकीतला फ्लोट (पेट्रोलचा काटा चालवणारा तरंगता भाग) काढा, साबणाने आतला चिकटा घालवा, नाहीतर आम्ल पत्र्यापर्यंत पोचतच नाही. हलवण्यासाठी नट-बोल्ट टाकले तर मोजून टाका, मोजून काढा. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच गरम हवेने वाळवा. ओला, उघडा पत्रा काही तासांतच पुन्हा तांबूस होतो. दमट टाकीत गंज रोखणारं कोटिंग ओतलं तर त्याचे पापुद्रे सुटून तळाची जाळी बंद करतात.

माझं मत विचाराल तर दोन-तीनपेक्षा जास्त भोकं असलेल्या टाकीवर कोटिंगचा खर्च करू नये, बदलावी. पुण्यात नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात शोधताना जुनी टाकी सोबत न्या. कार्बोरेटरच्या ८०० साठी एमपीएफआयची (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीची) टाकी घेऊ नका: तिच्या आतल्या इलेक्ट्रिक पंपाचा दाब कार्बोरेटरची सुई सोसत नाही. टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखालचे रबर नवे घाला. फ्लोट बसवण्याआधी वर-खाली करून मल्टिमीटरवर रीडिंग सलग बदलतंय का पाहा, नाहीतर काट्यासाठी टाकी पुन्हा उतरवावी लागेल.

सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत दोन लिटर पेट्रोल महिनोन्महिने पडून असतं. वरचा उघडा पत्रा गंजतो आणि आतला पंप कोरडा फिरून जळतो. अशा गाडीत टाकी निम्मी तरी भरलेली ठेवा आणि रोज काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

दुरुस्तीनंतर लगेच टाकी फुल्ल करू नका. आधी पाच लिटर घाला, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवून गळती पाहा. मग फुल्ल करून पेट्रोल भरायच्या गळ्याचा सांधा तपासा. पहिला फिल्टर दोनशे किलोमीटरच्या आत बदला.