मुलाला डेंग्यू झाला तर: दिवस मोजत काळजी कशी घ्यावी

आमच्या गोव्यातल्या म्हापशाच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावर दुधाचे खाडे आणि गॅस कधी लावला ते लिहायचं, एवढाच त्याचा उपयोग. दोन पावसाळ्यांपूर्वी धाकट्याला डेंग्यू झाला, तेव्हा त्याच चौकोनांत तापाचे आकडे आले. त्या आठवड्यात एक गोष्ट पक्की कळली. डेंग्यूत आज कितवा दिवस आहे हे ज्या घराला माहीत असतं, ते घर कमी चुकतं.

ताप आला त्या चौकोनात १ लिहा

ताप जाणवला तो पहिला दिवस. वार आणि वेळ दोन्ही लिहा. "परवापासून जरा कणकण होती" एवढ्यावर डॉक्टरांना फार काही करता येत नाही, कारण कोणती तपासणी करायची हे दिवसावर ठरतं. एनएस१ (रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी) त्यानंतर. सहाव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं मुळीच समजू नका. पावसाळ्यात आपल्याकडे मलेरिया आणि लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) असतात, त्यामुळे घरच्या घरी निदान नको. मूल वर्षाच्या आतलं असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

रक्ताची सीबीसी (पेशी मोजणारी साधी तपासणी) मात्र लवकर करून ठेवा. त्यात पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट नावाचा एक आकडा असतो. रक्त किती घट्ट आहे ते तो सांगतो, आणि पुढे कामाला येतो.

तापावर फक्त पॅरासिटामॉल

वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३००. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. बाटलीवरचं लेबल वाचा: ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं आणि २५० चंही. "एक चमचा दिला" म्हणताना तो कुठल्या बाटलीतला, यावर डोस दुप्पट होतो. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक आम्ल, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही देऊ नका; रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप झटकन उतरवणारं 'कॉम्बिनेशन' सिरप घरात असेल तर त्यातली औषधं आधी वाचा.

थोडं थोडं, पण सतत पाजा

नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएस, पेजेची निवळ मीठ घालून, आडसराचं (शहाळ्याचं) पाणी, ताक, जे मूल पिईल ते द्या. आमचा पेजेला नाक मुरडणारा, पण तापात तीच पोटात राहिली. एकदम ग्लासभर दिलं की उलटी. दर पाच-दहा मिनिटांनी दोन-तीन चमचे द्या. पुरेसं जातंय का हे लघवीवरून कळतं. सहा तासांत एकदाही झाली नाही तर दवाखाना गाठा. लघवीची वेळही कॅलेंडरवर लिहा, लाजण्यासारखं काही नाही.

कोकमाचं सरबत, बीट, लाल-तपकिरी रंगाचं काहीही या दिवसांत नको. ते वाईट म्हणून नव्हे. मूल ओकलं तर ते रक्त की कोकम, हे रात्री दोन वाजता ओळखणं अवघड जातं.

ताप उतरेल त्या चौकोनाभोवती गोल करा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका इथेच घरं फसतात. आमच्याकडे चौथ्या दिवशी सकाळी अंग गार लागलं. आजीने देवापुढे साखर ठेवली, मी ऑफिसला निघण्याच्या तयारीला लागले. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "आता खरं लक्ष द्यायचंय."

डेंग्यूचा धोका बहुधा ताप भर असताना नसतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, आणि त्याच्या आगेमागे २४ ते ४८ तास काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव झिरपू लागतो. रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडतो. अंग गार असतं म्हणून घरच्यांना बरं वाटतं. त्या दोन दिवसांत यांतलं एक जरी दिसलं तरी थांबू नका:

- पोटात सारखं, जोरात दुखणं
- उलट्या न थांबणं
- नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शी
- मूल सुस्त पडणं, किंवा उलट, विनाकारण चिडून तळमळणं
- हातपाय गार आणि चिकट लागणं

१०८ ला फोन करा. म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत, बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ). आधी कोपऱ्यावरच्या क्लिनिकात एक सलाईन लावून बघू, असं करू नका. किती द्रव, किती वेगाने द्यायचा हे पीसीव्ही पाहून ठरवावं लागतं. कमी पडलं तर धोका आणि जास्त झालं तर ते पाणी फुफ्फुसांभोवती साठतं.

प्लेटलेट्सबद्दल एवढंच. नातेवाईक तोच आकडा विचारतात, जणू क्रिकेटचा स्कोअर. आकडा घसरतो आणि बहुतेक मुलांत आपोआप चढतो. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स भरायची वेळ सहसा दहा हजारांच्या खाली गेल्यावरच येते. पीसीव्ही पहिल्या रिपोर्टपेक्षा वीस टक्क्यांनी वर गेला असेल तर ती जास्त काळजीची गोष्ट. पपईच्या पानांचा रस मी दिला नाही. ओकणाऱ्या मुलाला तो कडू रस पाजून आहे तेही पोटातलं बाहेर काढायचं, हे मला पटलं नाही.

ताप गेल्यावर पायांवर लाल, खाजरं पुरळ येतं. ते सहसा बरं होण्याच्या वाटेवरचं असतं. थकवा मात्र दोन-तीन आठवडे टिकतो; शाळेच्या खेळाच्या तासाला चिठ्ठी द्या.

तापातल्या मुलाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा

डेंग्यूचा जळार, म्हणजे डास, दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी जास्त. तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत मुलाच्या रक्तात विषाणू असतो. तेव्हा चावलेली मादी आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्याला देऊ लागते, आणि त्याला ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. म्हणून शेजारच्या मुलीला ताप येतो तो दोन-तीन आठवड्यांनी, आणि संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. हा डास सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. मूल कुठून आजारी पडलं हे शोधायचं तर आधी स्वतःचं अंगण, शाळेची गच्ची आणि बाजूचं बांधकाम बघावं.

आठवड्यातून एक वार ठरवा

त्या वारी घरातलं साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची; आरोग्य खात्याचे लोक याला 'ड्राय डे' म्हणतात. गोव्यात हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर बंद बार येतात, तो भाग वेगळा. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांत एकदा पाणी ओतलं की साखळी तुटते. पण ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडून महिनोन्महिने टिकतात. काथ्याने घासा.

गटारात बघत बसू नका, याला साधारण स्वच्छ पाणी आवडतं. आपल्याकडे ते कुठे कुठे असतं? कौलं गळतात तिथे ठेवलेली बालदी. बाल्कनीवर ताणलेल्या निळ्या ताडपत्रीची खोलगट घडी. माडाखाली पडलेल्या करवंट्या, पोफळीची विरी (पानाचा गळून पडलेला खोलगट देठ). कुंड्यांखालच्या ताटल्या, मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे. बांधकामावर स्लॅबला मुरवायला साठवलेलं पाणी. टाकीचं झाकण तिरकं असेल तर तीही. विहिरीत गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात विचारा.

धुराच्या गाडीवर विसंबू नका. धूर उडत्या डासाला मारतो, पाण्यातल्या अळीला त्याने काही होत नाही.

मुलांना शाळेत पूर्ण बाह्यांचे कपडे चालतील का, हे पालक-शिक्षक सभेत विचारा. आमच्याकडे पावसाळ्यापुरते चालले. डास पळवणारं क्रीम दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नये.

चवथीला गावी जाण्यापूर्वी

पावसाळ्यात शहरातले फ्लॅट सात-आठ दिवस एकदम बंद होतात ते चवथीला (गणेश चतुर्थीला), म्हणजे डासांना लागतं तेवढंच. माटोळीचं (गणपतीवर फळं-पानं बांधायच्या मांडवीचं) सामान बांधताना घराकडे कोण बघतं! आमच्या घरी परतल्यावर बाथरूममधल्या अर्ध्या भरलेल्या पिंपात वळवळणाऱ्या अळ्या होत्या. आता कुलूप लावायच्या आधी पिंप उपडं करते, फ्रिजमागचा ट्रे पुसते, कमोडचं झाकण पाडते, न वापरत्या बाथरूमच्या जाळीवर जुनं फडकं पसरते. किल्ली शेजारच्या काकींकडे ठेवते, आणि त्यांच्या कुंड्यांच्या ताटल्याही जाता जाता उपड्या करून जाते.