विमान आणि मोटरसायकलची प्लास्टिकची विंडशील्ड पुसताना या चुका टाळा

प्लास्टिकची विंडशील्ड वाऱ्याने आणि किड्यांनी जितकी खराब होते, त्याहून कितीतरी अधिक ती चुकीच्या पुसण्याने खराब होते. सेस्ना १७२ सारख्या लहान विमानांची विंडशील्ड ॲक्रिलिकची असते. मोटरसायकलींवर ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही आढळतात आणि पॉलिकार्बोनेटवर बहुधा ओरखडे रोखणारा कडक थर चढवलेला असतो. दोन्ही पदार्थ खऱ्या काचेच्या मानाने पुष्कळ मऊ आहेत, म्हणून घरातील खिडकीला चालणारी पद्धत येथे चालत नाही.

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे कोरड्या फडक्याने धूळ झटकणे. पेट्रोल पंपावर किंवा हँगरमध्ये (विमाने ठेवण्याच्या शेडमध्ये) हाताशी आलेले फडके मारले की धुळीतील वाळूचे बारीक कण प्लास्टिकवर घासले जातात. शिवाय कोरड्या घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होऊन पुसल्यानंतर लगेच नवी धूळ चिकटते. म्हणून आधी भरपूर स्वच्छ पाणी ओतावे आणि मग सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवलेला मऊ स्पंज किंवा सरळ उघडा हात हलकेच फिरवावा. हाताने धुण्याचा सल्ला अनेकांना विचित्र वाटतो, परंतु तो विमान देखभालीच्या जुन्या आणि भरवशाच्या पद्धतींपैकी आहे, कारण साबणाच्या पाण्याखाली अडकलेला खडा बोटांना लगेच जाणवतो आणि फडक्यातून तो कळत नाही. अंगठी आणि घड्याळ मात्र आधी काढून ठेवावे. वाळलेले किडे खरवडू नयेत. त्यांच्यावर ओले फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवले की ते आपोआप सुटतात. कागदी टॉवेल टाळावा, कारण त्यातील लाकडी तंतू पृष्ठभाग खरडतात.

दुसरी चूक चुकीच्या द्रवाची. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, अल्कोहोल आणि काचा पुसायचे अमोनियायुक्त स्प्रे विमानाच्या ॲक्रिलिकसाठी वर्ज्य आहेत आणि सेस्नाच्या माहितीपुस्तिकांतही त्यांबद्दल स्पष्ट ताकीद असते. या द्रवांनी प्लास्टिकमधील दबलेला ताण मोकळा होऊन केसासारख्या असंख्य बारीक भेगा पडतात. हँगरमध्ये यालाच क्रेझिंग म्हणतात. ओरखडा आणि क्रेझिंग यांतील फरक ओळखणे सोपे आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात विंडशील्डकडे बाजूने पाहावे: ओरखडा नखाला लागतो, तर क्रेझिंगच्या भेगा सहसा नखाला लागत नाहीत, पण कोन बदलताच चंदेरी चमकतात. ज्या विमानाचे पंख केबिनच्या वर असतात, त्यात इंधन भरताना पंखातील टाकीच्या तोंडाशी सांडलेले इंधन ओघळून विंडशील्डवर येऊ शकते. बारामती किंवा गोंदियासारख्या प्रशिक्षणाच्या धावपट्ट्यांवर, जेथे एकच विमान दिवसातून अनेकदा भरले जाते, तेथे सांडलेला थेंब लगेच पाण्याने धुऊन काढण्याची शिस्त असावी.

मोटरसायकलवाल्यांच्या लक्षात सहसा न येणारे एक कारण स्क्रूजवळ असते. विंडशील्डच्या भोकांपासून चांदणीसारख्या भेगा फुटत असतील, तर स्क्रू फार आवळला आहे किंवा तो सुटू नये म्हणून थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारा चिकट द्रव) लावला आहे, असे समजावे. थ्रेडलॉकरचा द्रव पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक दोन्हींना तडे देऊ शकतो. ब्रेक फ्लुइडही तितकेच घातक आहे. स्क्रूखाली रबरी किंवा नायलॉनचा वॉशर ठेवून बेताने आवळणे, एवढाच यावरील उपाय आहे.

पुसण्याची दिशाही महत्त्वाची आहे. गोल गोल पुसल्याने पडणारे सूक्ष्म ओरखडे सूर्य समोर आला की त्याच्याभोवती तेजोवलयासारखे चमकतात आणि नेमके उतरण्याच्या वेळी वैमानिकाचे डोळे दिपतात. हात वर-खाली सरळ रेषेत चालवावा. पुसूनही धूसरपणा राहिला, तर बहुधा साबण पूर्ण निघालेला नसतो किंवा बोअरच्या कठीण पाण्याचे क्षार वाळलेले असतात. तेव्हा पुन्हा गोड्या पाण्याने धुऊन ओल्या शॅमॉयने (पाणी शोषणाऱ्या मऊ चामड्याने) टिपावे. तेलकट, इंद्रधनुषी झाक दिसली, तर जुन्या मेणाचे किंवा पॉलिशचे थर साचले आहेत, असे समजावे.

पॉलिशिंगकडे वळण्याआधी एकच प्रश्न विचारावा: पृष्ठभागावर कडक थर आहे का? असल्यास टूथपेस्ट, पॉलिश किंवा सँडपेपर काहीही लावू नये. थर एका जागी घासून गेला की तेथे कायमचा डाग पडतो आणि पुढे उरलेला थर सोलत जातो. थर आहे की नाही, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहून ठरवावे. टूथपेस्टचा तर मला एकूणच भरवसा नाही, कारण त्यातील कणांचा आकार कंपनीगणिक बदलतो. थर नसलेल्या ॲक्रिलिकसाठी मायक्रो-मेश, म्हणजे अतिबारीक कणांच्या घासण्याच्या पट्ट्यांची पद्धत चांगली आहे: १५०० पासून १२००० क्रमांकापर्यंतचे पट्टे (क्रमांक जितका मोठा तितका पट्टा बारीक) क्रमाने, पाण्यासह वापरायचे आणि प्रत्येक नव्या पट्ट्याला आधीच्या दिशेच्या काटकोनात फिरवायचे, म्हणजे मागचे ओरखडे पूर्ण गेले की नाही हे दिसते. घाई करून एखादा टप्पा गाळला, तर मागचे ओरखडे तसेच राहतात. एकाच ठिकाणी घासत राहिल्यास खोलगा होतो आणि त्यातून दिसणारे दृश्य वाकडे होते, म्हणून घासण्याचे क्षेत्र ओरखड्याहून बरेच मोठे ठेवावे. बफिंग मशीन एका जागी थांबवल्यास उष्णतेने ॲक्रिलिक मऊ पडते. ते साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपासच नरमते.

विमानात वैमानिकाच्या थेट दृष्टीच्या भागात क्रेझिंग किंवा खोल ओरखडा असेल, तर स्वतः घासत बसू नये. दुरुस्तीची मर्यादा आणि बदलण्याचा निर्णय परवानाधारक देखभाल अभियंत्याकडेच सोपवावा. पॉलिशने क्रेझिंग सहसा जात नाही, कारण भेगा प्लास्टिकच्या आत शिरलेल्या असतात.