अलॉय, लिफ्ट किट, कापलेल्या स्प्रिंगा: पासिंगला आणि क्लेमला अडकायचं नसेल तर या चुका टाळा

जळगाव असो, धुळं असो नाहीतर नंदुरबार, थारला नि बोलेरोला मोठे टायर आणि लिफ्ट (गाडी उंच करायचं किट), स्विफ्ट-बलेनोला अलॉयची चाकं आणि जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली गाडी, हे आता गल्लोगल्ली दिसतं. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "टेन्शन नको घेऊ भो, पार्टवर सर्टिफिकेट आहे." बहुतेकांची पहिली चूक इथंच होते. पार्ट पास असणं वेगळं आणि तो पार्ट तुमच्या गाडीवर पास असणं वेगळं.

टीयूव्हीचंच घ्या, म्हणजे जर्मनीतल्या गाड्या-पार्ट तपासणाऱ्या संस्थेचा कागद. जर्मनीत पार्टच्या रिपोर्टमधे कोणत्या मॉडेलवर, कोणत्या साइजच्या टायरसोबत, काय अटींवर तो चालेल हे लिहिलेलं असतं, आणि बसवल्यावर तपासणारा माणूस प्रत्यक्ष गाडी बघून पास करतो, म्हणजे तिथंसुद्धा नुसता कागद डिकीत ठेवून भागत नाही. आपल्या आरटीओत त्या कागदाच्या जोरावर गाडी पास होत नाही. रिमवरचा जेडब्ल्यूएल शिक्का जपानचा, तोही इथली परवानगी नाही. आपल्याकडे रिमवर आणि टायरवर आयएसआय मार्क बघायचा, आणि तो असला तरी त्यातून एवढंच कळतं की माल दर्जाचा आहे, तुमच्या गाडीला कायद्याने चालतो का ते नाही.

कायदा थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेलं मूळ स्पेसिफिकेशन आणि आरसीवरची माहिती यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही हेच धरून ठेवलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दंड "प्रत्येक बदलामागे" आहे बरं का. लिफ्टचा वेगळा, चाकांचा वेगळा.

मग अलॉय लावायचेच नाहीत का? लावा ना, पण साइज कंपनीच्या यादीतली घ्या. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीनेच जी साइज दिलीय तिथपर्यंत जाणं सगळ्यात सुरक्षित. बलेनोच्या खालच्या व्हेरियंटला १८५/६५ आर १५ येतो, वरच्याला १९५/५५ आर १६. रिम एक इंच वाढलं पण चाकाची पूर्ण उंची दोन्हीकडे ६२१ मिमीच्या आसपासच राहते. आता कोणी "भरलेली दिसेल" म्हणून २०५/६० आर १६ टाकला की उंची ६५२ वर जाते, म्हणजे जवळपास पाच टक्के जास्त. मीटर १०० दाखवेल तेव्हा आधीच्या हिशोबाने तुम्ही १०५ ने चाललेले असता, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतून घासतो तो वेगळाच. ड्रायव्हरच्या दाराजवळचं स्टिकर आणि गाडीचं हँडबुक आधी वाचा, दुकानदाराचं नंतर ऐका.

टायरवरचा लोड इंडेक्स तर कोणी बघतच नाही. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८२ म्हणजे ४७५. स्वस्त मिळाला म्हणून कमी इंडेक्सचा टाकला आणि लग्नाला पाच जण नि डिकीभर सामान घेऊन निघालात तर तो फुटायला कारण लागत नाही, त्यात आपल्याकडचा मे महिना.

नवीन अलॉयवर ८०-९० ला स्टेअरिंग थरथरतंय आणि बॅलन्सिंग दोनदा करूनही जात नाही? मधलं भोक बघा. बाहेरच्या रिमचं भोक बऱ्याचदा हबपेक्षा (गाडीकडचा ज्या भागावर चाक बसतं तो) मोठं असतं, तिथं मधली फट भरणारी हब रिंग लागते, नाहीतर चाक फक्त नटांच्या भरवशावर सेंटर होतं. नटाची बसायची बाजू पण रिमच्या खाचेशी जुळली पाहिजे, कोनाच्या जागी गोल चालत नाही. आणि स्पेसर (हब नि रिमच्या मधली चकती) टाकून चाक मडगार्डच्या बाहेर काढणं तर सोडूनच द्या, बेअरिंगवर जोर येतो आणि तपासणाऱ्याला ते लांबूनच दिसतं.

स्प्रिंग कापणं. हे कितीही जणांनी केलेलं असो, करू नका. कापलेली स्प्रिंग कडक होते, बसायची जागा बिघडते, चाक खड्ड्यात लोंबलं की ती सीटवरून सरकू शकते, आणि शॉकअप खाली आपटून आपटून लवकर गळायला लागतो. वर गाडी खाली बसली की चाकं आत झुकतात, आणि अलाइनमेंट न करता फिरलात तर टायर आतल्या कडेने खाल्ले जातात, बाहेरून नवे दिसतात नि आतून तार. लिफ्टचं उलटं दुखणं: ॲक्सलचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस उडतं, ब्रेकचा पाइप ताणला जातो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. कन्नड घाट उतरताना उंच झालेली गाडी वळणावर कशी झुकते ते मागे बसलेल्यांना विचारा.

पिकअपवाल्यांसाठी वेगळं. रावेर-सावद्याकडे केळी भरायला मागे स्प्रिंगचे पाटे वाढवतात. पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही हो. ओव्हरलोडला कलम १९४ मधे २०००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २०००. त्यात मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरची साइजही लिहिलेली असते, म्हणून पासिंगला ती लगेच जुळवून बघता येते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, पुढे दरवर्षी. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी तपासणी लागते, पण रस्त्यावर पकडायला पंधरा वर्षं थांबायची गरज नसते.

"पासिंगच्या दिवसापुरते जुने टायर लावू" हा जुगाड सर्रास चालतो. पासिंग निघेलही, पण अपघात झाला की इन्शुरन्सचा सर्व्हेअर जी गाडी समोर उभी आहे तीच बघतो, आणि न कळवलेला बदल दिसला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. म्हणून अलॉय लावले की इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, बिल जीएसटीचंच घ्या. कलम ५२ खाली जो बदल चालतो, सीएनजी किटसारखा, तो आरसीवर चढवून घ्या. आणि मूळ रिम, स्प्रिंगा, शॉकअप भंगारात देऊ नका, गाडी विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.